शाळा सुटल्यानंतरचा दीड तास: मोकळा खेळ किती, शिकवलेला व्यायाम किती?

पाळणाघर असो, सोसायटीच्या हॉलमधला संध्याकाळचा वर्ग असो की शाळेतच चालणारं डे-केअर, ते चालवणाऱ्यांपुढे एक प्रश्न रोज येतो. मुलं आली, खाऊ झाला, आता पुढचा दीड तास त्यांना मोकळं सोडायचं, की सर बोलावून कवायत, योगासनं, कराटे घ्यायचे? पालकांचा कल सरांकडे असतो, कारण त्यात ‘काहीतरी शिकवलं’ असं दिसतं. ताईंचाही कल बऱ्याचदा तिकडेच असतो, कारण रांगेत उभी केलेली पंचवीस मुलं सांभाळायला सोपी जातात.

माझा बराचसा दिवस अशाच मुलांमध्ये जातो, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. आधी मोकळा खेळ आणि तोच जास्त. त्यानंतर थोडा वेळ शिकवलेला व्यायाम, पण असा की ज्यात कुणीही ताटकळत उभं राहणार नाही. क्रम उलटा केला तर दोन्हींची मजा जाते. सकाळपासून मूल ‘बस’, ‘उठ’, ‘रांगेत चल’ ऐकतच आलेलं असतं. शाळा सुटल्यावर पुन्हा शिट्टी ऐकली की त्याचे पाय जड होतात. आता हे प्रत्यक्षात कसं बसवायचं ते पाहू.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं मोजा

काहीही बदलण्याआधी सध्या काय चाललंय ते पाहून घ्या. तीन मुलं मनाशी ठरवा: एक चपळ, एक मध्यम आणि एक कायम कडेकडेने असणारं. त्यांना सांगू नका. प्रत्येकाकडे दहा मिनिटं बघा आणि दर पंधरा सेकंदांनी वहीत एक खूण करा: बसलंय किंवा उभं आहे, चालतंय, की पळतंय-उडतंय. दहा मिनिटांत चाळीस खुणा होतात. सरांच्या वर्गात एकदा मोजा आणि मोकळ्या खेळात एकदा.

वर्गातले आकडे बहुतेकांना धक्का देतात. साधा हिशोब करा. वीस मुलांची एक रांग आहे, पुढे अडथळ्यांची शर्यत मांडली आहे आणि एकेकाला दहा सेकंद लागतात. म्हणजे एका मुलाची पाळी दोनशे सेकंदांनी येते. अर्ध्या तासात नऊ पाळ्या, एकूण नव्वद सेकंद पळणं. उरलेले साडेअठ्ठावीस मिनिटं ते पुढच्याच्या पाठीवर बोटाने रेघोट्या ओढतं.

पण मोकळ्या खेळालाही सूट देऊ नका. तिथे सहावी-सातवीचे मुलगे मैदानाच्या मधोमध स्टंप रोवतात आणि बाकीचं मैदान आपोआप त्यांचं होतं. मुली भिंतीलगत गप्पा मारत उभ्या. त्या क्रिकेटमध्येसुद्धा बोलर आणि बॅट्समन सोडले तर बाकीचे उभेच असतात. ‘मुलं खेळतायत’ असं दुरून दिसतं. वहीतल्या खुणा वेगळंच सांगतात.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल मिळावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेल असा आणि स्नायू-हाडांना बळकटी देणारा व्यायाम व्हावा. मध्यम म्हणजे काय हे ओळखायला घड्याळ लागत नाही. मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, तेव्हा हालचाल मध्यम. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा जोरदार.

दुसरी पायरी: मैदानाची वाटणी

जागा केवढीही असो, फक्कीने तिचे तीन भाग करा. सगळ्यांत मोठा भाग पळापळीच्या खेळांना. दुसरा चेंडूच्या खेळांना, भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाजूला. तिसरा, सावलीतला, बसून किंवा काहीतरी रचून खेळणाऱ्यांचा. क्रिकेट बंद करायची गरज नाही, पण त्याला चेंडूच्या भागातच राहू द्या: प्लास्टिकचा बॉल, एक टप्पा आउट, आणि रेषेबाहेर बॉल गेला तरी आउट. एवढ्या एका नियमाने निम्मं मैदान मोकळं होतं.

सामानावर फार खर्च करू नका. रंगीत घसरगुंडीवर मूल पाच-सहा वेळा घसरतं आणि मग तीच घसरगुंडी उलटी चढायला लागते, ज्यावर ताई ओरडतात. त्यापेक्षा हलवता येईल असं सामान ठेवा: सुती दोर, जुने टायर, पत्र्याचे डबे, जाड पुठ्ठ्याची खोकी, जुन्या साड्या, भाजीचे प्लास्टिकचे क्रेट, मातीचा ढीग. १९४३ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे सोरेन्सन या बागा-मैदानांची रचना करणाऱ्या वास्तुकाराच्या कल्पनेतून अशाच भंगार-सामानाचं मैदान सुरू झालं. तयार बागेपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागांवर खेळायला जास्त आवडतं, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे वाळूच्या ढिगावर चढलेल्या मुलांना हाकललं नाही असा वॉचमन सापडणार नाही, तेव्हा हे निरीक्षण पटायला हरकत नाही.

एक खबरदारी मात्र हवीच. टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांना तेवढं पुरतं. टायरला खालच्या बाजूने दोन-तीन मोठी भोकं पाडून घ्या किंवा पावसाळ्याआधी ते आत ठेवा.

तिसरी पायरी: खाऊ आणि दहा रिकामी मिनिटं

मुलं आल्या आल्या भुकेली असतात. केळं, राजगिऱ्याचा लाडू, थोडे पोहे, पाणी. पोटभर जेवण दिलंत तर तासभर पळवू नका. दाण्याची चिक्की देण्याआधी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे प्रवेशाच्या फॉर्ममध्येच विचारून ठेवा. खाऊनंतरची दहा मिनिटं कसलीही सूचना देऊ नका. काहीजण लोळतात, काहीजण दप्तर उपसतात. चालू द्या.

चौथी पायरी: पाऊण तास मोकळा खेळ

मोकळा खेळ म्हणजे ताईंनी खुर्ची टाकून मोबाइल बघणं नव्हे. यात मोठ्या माणसाचं काम जास्त अवघड आहे, कारण बहुतेक वेळ काहीही न करता नीट बघायचं असतं.

डबा ऐसपैस घ्या. आमच्याकडे दुधाच्या पावडरचा एक पोचे पडलेला डबा आहे, आत चार खडे, म्हणजे लाथ बसली की खणखणतो. मुलं चकतात आणि एकावर राज्य येतं. कुणीतरी डबा लांब भिरकावतं. राज्यवाला तो आणून गोलात ठेवेपर्यंत बाकीचे लपतात. दिसलेल्याचं नाव घेऊन त्याने ‘डबा ऐसपैस’ म्हणायचं. तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून कुणी धावत आलं आणि डबा उडवला, की पकडलेले सगळे सुटले. या खेळात अचानक जोरात धावणं येतं, वाकून सरपटणं येतं, दम धरून थांबणं येतं. आणि खरी गंमत तर पुढेच: ‘तू माझं नाव घेतलंच नाहीस’, ‘घेतलं’, ‘तो निळा शर्ट माझा नव्हता, आम्ही बदलला होता’. या वादात दोन-तीन मिनिटं जातात. त्या वेळी ताईंनी शिट्टी मारून निकाल दिला, तर उद्यापासून प्रत्येक भांडण तुमच्याकडे येईल आणि खेळ तुमचा होईल. थांबा. मुलांना खेळायचं असतं, त्यामुळे ती स्वतःच तोड काढतात, बहुतेकदा ‘पुन्हा चकू’ म्हणून.

मधे कधी पडायचं? तीनच वेळा. इजा होण्याचा खरा धोका असेल तेव्हा. एकाच मुलावर रोज मुद्दाम राज्य येत असेल तेव्हा. आणि कुणाला मैदानातूनच हाकललं जात असेल तेव्हा. तिथेसुद्धा पंच म्हणून जाण्यापेक्षा भिडू म्हणून जा. ‘मला घ्या’ म्हणा, एक राज्य स्वतःवर घ्या, कडेला उभ्या असलेल्याला आपल्या बाजूला ओढा आणि खेळ रंगला की पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पडा.

‘ताई, बोअर होतंय’ हे वाक्य रोज ऐकू येईल. लगेच उपाय देऊ नका. दहा मिनिटांत बहुतेक मुलांना काहीतरी सुचतं. मात्र एक अडचण खरी आहे: फ्लॅटमध्ये वाढलेल्या बऱ्याच मुलांना खेळच माहीत नसतात. पूर्वी हे खेळ गल्लीतल्या मोठ्या मुलांकडून लहानांकडे जात, आता गल्लीच उरली नाही. म्हणून दर सोमवारी एक खेळ शिकवा, फक्त पंधरा मिनिटं, आणि मग बाजूला व्हा. मंगळवारी तो खेळायचा की नाही, नियम बदलायचे की नाही, ते मुलं ठरवतील.

खेळ निवडताना एकच कसोटी लावा: बाद झालेलं मूल काय करतं? संगीत खुर्चीत सगळ्यांत हळू मूल आधी बाहेर जातं आणि सगळ्यांत जास्त वेळ बसून राहतं, म्हणजे ज्याला हालचाल हवी त्यालाच ती मिळत नाही. आपल्या जुन्या खेळांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. विषामृतमध्ये विष मिळालेल्याला कुणीही येऊन अमृत देतं आणि तो पुन्हा पळतो. साखळीत पकडलेला साखळीत जातो आणि आणखी जोरात पळायला लागतो. लगोरीत फोडणारे, पळणारे, चेंडू आणणारे सगळेच कामात. वाढदिवसाला संगीत खुर्ची ठेवा हवी तर, रोजच्यासाठी नको.

लहान भावंडांसाठी ‘कच्चं लिंबू’ची सोय ठेवा. चार-पाच वर्षांचं मूल मोठ्यांच्यात पळतं, आउट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्या माणसांनी केलेल्या कुठल्याही वयोगटापेक्षा ही व्यवस्था मला सरस वाटते. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कच्चं लिंबू केलंत तर त्याचा अपमान होतो. त्याच्यासाठी दुसरी सोय करा: गोल मोठा, किंवा दोन जीव.

पाचवी पायरी: वीस-पंचवीस मिनिटं शिकवलेला व्यायाम

मग सर हवेतच कशाला? कारण मोकळ्या खेळात मूल जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतं. ज्या मुलीच्या हातात कधी चेंडूच आला नाही, ती लगोरीत नेम मारायला पुढे होत नाही. पुढे होत नाही म्हणून तिला नेम येत नाही. हा फेरा शिकवल्याशिवाय तुटत नाही. लटकणं, कोलांटी, पडताना हात कसे ठेवायचे, एका पायावर तोल सांभाळणं, हेही तसंच.

महाराष्ट्रात याची परंपरा जुनी आणि पक्की आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरच्या शिवाजी पार्कवरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. अशा आखाड्यांच्या वातावरणात शिकलेला प्रशिक्षक मिळाला तर आठवड्यातून दोन दिवस जरूर बोलवा. मात्र मल्लखांब किंवा दोरीचा मल्लखांब हौशी माणसाच्या भरवशावर सुरू करू नका. त्याला गाद्या लागतात आणि धरणारा जाणता हात लागतो.

पंचवीस मिनिटं अशी बसवा. पहिली चार मिनिटं अंग सैल करायला, तेही पळतच: शिवाशिवी, किंवा बेडूक, खेकडा, माकड यांची चाल. पुढची बारा मिनिटं चार थांबे आणि प्रत्येकी तीन मिनिटं. एका थांब्यावर दोरीच्या उड्या, दुसऱ्यावर भिंतीवरच्या वर्तुळात चेंडूचा नेम, तिसऱ्यावर लंगडीने फक्कीची नागमोडी रेघ, चौथ्यावर आडव्या दांड्याला लटकणं किंवा गादीवर कोलांटी. गादीच्या थांब्यावर सरांनी स्वतः उभं राहायचं. एका थांब्यावर सहा-सातपेक्षा जास्त मुलं नकोत आणि दोऱ्या-चेंडू माणशी एक. सहा चेंडू असतील तर पंचवीस मुलांना एकाच वेळी नेम शिकवायला जाऊ नका, हिशोब वर केलेलाच आहे. उरलेल्या वेळात एक खेळ, ज्यात आजचं कौशल्य लागेल.

खो-खोचं उदाहरण बघण्यासारखं आहे. पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, पाठलाग करणाऱ्यांपैकी आठजण पाटीवर बसलेले. स्पर्धेत खो इतका भराभर मिळतो की कुणाला उसंत नसते. पण आठ-नऊ वर्षांची मुलं आपल्या मैत्रिणीलाच खो देत राहतात आणि टोकाचं मूल बसून बसून मातीत चित्रं काढतं. म्हणून मैदान निम्मं करा, बसणारे चारच ठेवा, आणि एकदा खो मिळालेल्याला सगळ्यांची पाळी होईपर्यंत पुन्हा खो नाही असा नियम लावा. शेजारी दुसरा डाव मांडा.

काही गोष्टी मात्र अजिबात नकोत. उठाबशा आणि मैदानाला फेऱ्या या शिक्षा म्हणून देऊ नका. ज्याला व्यायाम शिक्षा म्हणून भेटला, तो मोठेपणी त्याच्याकडे आपणहून कशाला जाईल? दोन कॅप्टन उभे करून एकेक भिडू मागून घ्यायची पद्धत बंद करा. शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं. संघ सरांनी आधीच पाडून यावं. आणि सूर्यनमस्कार चांगलेच, पण ते रिकाम्या पोटी घालायचे असतात. खाऊनंतर बारा आसनं भरभर उरकून ‘आज पन्नास झाले’ म्हणण्यात काही अर्थ नाही. सुट्टीच्या सकाळी ठेवा आणि सावकाश घाला.

सहावी पायरी: कडेला उभं राहणारं मूल

हे मूल कधी जाड असतं, कधी नवीन, कधी चष्म्याला जपणारं, कधी नुसतंच दमलेलं. कारण कळल्याशिवाय ‘चल, खेळ’ म्हणत ढकलू नका. दम्याचा त्रास असेल तर पंप दप्तरात नको, ताईंजवळ हवा, आणि तो कधी द्यायचा हे पालकांकडून लिहून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी शिट्टीसोबत लाल रुमाल दाखवा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला कायम गुण लिहायला बसवणं ही पळवाट झाली. लगोरीत तो बसून नेम धरू शकतो, रुमाल-पाणीत त्याच्या भिडूला लंगडी घालायला लावता येते. नियम काय करावा हे मुलांनाच विचारा. ती आपल्यापेक्षा लवकर आणि जास्त बरा नियम काढतात.

सातवी-आठवीच्या मुलींचा प्रश्न वेगळा आहे. मैदानावर मुलगे असले की त्या बसून घेतात. आठवड्यातले दोन दिवस मोठं मैदान आधी त्यांना द्या, आणि स्वच्छतागृह जवळ आणि बंद होणारं असू द्या. ही गोष्ट खेळाच्या आराखड्यात कुणी लिहीत नाही, पण अनेकींचा खेळ तिथेच अडतो.

सातवी पायरी: ऊन, पाऊस आणि छोटी जागा

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये साडेपाचच्या आत मैदानावर जाऊ नका. आधी गृहपाठ आणि बैठे खेळ, मग मैदान. कोकणात आणि मुंबईत ऊन उतरलं तरी दमटपणा राहतो, म्हणून दर वीस मिनिटांनी पाणी.

पावसाळ्यात हॉल छोटा असला की टीव्ही लागतो. त्याऐवजी मंगळागौरीचे खेळ काढा. फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी यांना चटईएवढी जागा पुरते आणि मांड्यांना, दंडांना, तोलाला भरपूर काम मिळतं. मुलग्यांनाही शिकवा, पहिल्या दिवशी हसतील, चौथ्या दिवशी कुणाची बसफुगडी जास्त वेळ चालते याची पैज लागेल. फरशी कोरडी असेल तेव्हाच, पायमोजे काढून अनवाणी खेळू द्या. दमल्यावर सागरगोटे, काचापाणी, अष्टाचंगपे आहेतच. पाऊस रिमझिम असेल, वीज नसेल आणि बदलायला कपडे असतील, तर बाहेर पाठवायलाही हरकत नाही.

आठवी पायरी: सुरक्षितता, पण भीती नको

मुलं यायच्या आधी पाच मिनिटं मैदानाची फेरी मारा: काचा, खिळे, उघडी झाकणं, कुत्र्याची घाण. पंचवीस मुलांना किमान दोन मोठी माणसं, एक फाटकाशी आणि एक फिरती. झोक्याखाली सिमेंट असेल तर झोका बांधून ठेवा आणि वाळू पडल्यावरच सोडा.

झाडाच्या खालच्या फांदीवर चढणाऱ्याला ‘पडशील’ म्हणू नका, त्याने तो बिचकतो. ‘पाय कुठे ठेवणार आहेस?’ विचारा. मात्र जिथे तो स्वतः चढू शकत नाही तिथे उचलून ठेवू नका. खरचटलं तर साबण-पाणी आणि वहीत नोंद. डोक्याला मार लागला तर मूल हसत असलं तरी पालकांना लगेच फोन. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर सरळ दवाखाना.

नववी पायरी: पालकांशी बोलणं

‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘आज मोकळं खेळले’ हे उत्तर पालकांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच वेळापत्रक लेखी द्या: दहा मिनिटं काहीच नाही, पाऊण तास मोकळा खेळ, पंचवीस मिनिटं व्यायाम, उरलेला वेळ हात-पाय धुणं आणि गृहपाठाची सुरुवात. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं ३१ वं कलम मुलांच्या विश्रांतीच्या आणि खेळाच्या हक्काबद्दलच आहे आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारलाय, हेही सांगा. काही पालकांना कायद्याची भाषा लवकर पटते. पुण्याचे पालक असतील तर त्यांना गरवारे बालभवनाबद्दल सांगा. शोभा भागवत यांनी तिथे कित्येक वर्षं खेळालाच मध्यभागी ठेवून काम केलं.

आणि वहीतल्या खुणा दाखवा. महिन्याने त्याच तीन मुलांकडे पुन्हा दहा-दहा मिनिटं बघा, वर्गात आणि मोकळ्या खेळात. कडेच्या मुलाच्या ‘उभं’च्या खुणा कमी झाल्या नसतील तर पुढच्या महिन्यात वेळ वाढवू नका, आधी थांब्यांवरची मुलं कमी करा, चेंडू वाढवा, क्रिकेटची रेषा पुन्हा आखा आणि मग परत मोजा.